भैय्याजींचा कान

नालवाडीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत वळलं की इंजेक्शनच्या शिश्या भरणारा एक छोटा कारखाना आहे. तिथं नव्या माणसाला पहिल्या दिवशी तीन गोष्टी सांगायचे. जोडे इथं काढायचे, तंबाखूची पुडी गेटवर ठेवायची, आणि मीटर एक वेळ खोटं बोलेल पण भैय्याजींचा कान खोटं बोलणार नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या.

भैय्याजी साटोणे म्हणजे गॅसच्या खोलीचा माणूस. वय छप्पन, पांढरी मिशी, खिशाला दोन पेनं, आणि चालणं असं की कारखाना यांच्या वडिलांनीच बांधला असावा. आता गॅस म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढं स्वयंपाकाचं लाल सिलेंडर उभं राहील. हा तो नव्हे. हा नायट्रोजन. याला वास नाही, रंग नाही, हा पेटत नाही आणि दुसऱ्याला पेटवतही नाही. कशातच पडत नाही बिचारा. आणि नेमकं तेच त्याचं काम!

वांगं चिरून ताटलीत ठेवलं की थोड्या वेळात काळं पडतं की नाही? त्याला हवा लागते. काही औषधांनाही अशीच हवा लागते. शिशीत औषध भरलं की वर नखभर जागा उरते, त्या जागेत हवा जाऊन बसते, आणि हवेतला ऑक्सिजन बसल्या बसल्या औषध नासवत राहतो. म्हणून शिशीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायच्या आधी एक बारीक सुई आत जाते, नायट्रोजनची फुंकर मारते आणि हवेला हुसकून लावते. भैय्याजी नव्या पोरापोरींना हे एका वाक्यात सांगायचे. "एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरते ना आपण? हा गॅस म्हणजे तो रुमाल. जागा धरली, की ऑक्सिजन उभाच राह्यते बाहेर."

सिलेंडरांच्या दोन रांगा, एक डावी, एक उजवी. डावी संपली की हातानं चावी फिरवून उजवी चालू करायची. भिंतीवर दाबाचं मीटर, मीटरच्या वर बझर. दाब उतरला की बझर चिरक्या आवाजात कोकलायचा. दर तासाला मीटर बघून आकडा रजिस्टरात लिहायचा. एवढं काम. पण भैय्याजींनी त्याची विद्या करून टाकली होती. आठ वर्षांपूर्वी त्यांनी पाइपातली एक गळती नुसत्या कानानं पकडली होती. मीटर ठणठणीत दाखवत होतं, आणि हे छताखाली उभे राहून म्हणाले, "इथिसा सुटून राह्यली हवा." साबणाचं पाणी लावलं तर खरंच बुडबुडे! मालकानं त्या दसऱ्याला शाल-नारळ दिला. तेव्हापासून ते मीटरकडे बघायचे ते उपकार केल्यासारखे. खोलीत उभं राहायचं, डोळे मिटायचे, पाइपातली सूंऽऽ ऐकायची आणि मान डोलवायची. बघणारा थक्क!

आता आतली गोष्ट. त्या कानात राम राहिला नव्हता.

इथं येण्याआधी हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी बारा वर्षं काढली होती. कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांचा तो खडखडाट दिवसभर डोक्यात, आणि कानात बोळा घालणाऱ्याला तिथले लोक बायकी म्हणायचे. त्याचं व्याज आता वसूल होत होतं. गेली चार-पाच वर्षं बारीक आवाज एकेक करून निघून गेले होते. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग फोनची घंटी. हे फक्त रुख्मिणीबाईंना ठाऊक होतं. त्या नवऱ्याला हाक मारायचं सोडून खांद्याला हात लावायला लागल्या होत्या.

"अवो, कानाले मशीन लावा म्हणून कितींदा सांगतलं तुमाले!"

"मशीन लावू? आन गॅसवाला बहिरा झाला म्हणून गावभर डंका पिटू?"

"चष्मा लावला तेव्हा कुठी डंका पिटला?"

"चष्मा लावला तं माणूस शिकलेला दिसते. कानाले मशीन लावली की हसतीन लोकं."

झाकली मूठ सव्वा लाखाची! कारखान्यात वर्षातून एकदा डॉक्टर यायचा, रक्तदाब बघायचा, डोळे बघायचा आणि कागदावरचा पुढचा प्रश्न विचारायचा, कान कसे आहेत? त्याचे ओठ बघून हे सांगायचे, एकदम फर्स्ट क्लास. ओठ वाचायची कला त्यांना आपसूक आली होती. आणि जिथं ओठ कळत नसत तिथं मान हलवायची. जगात दहापैकी आठ प्रश्नांना 'हव' हेच उत्तर असतं, हे बहिऱ्या माणसाला लवकर कळतं.

आणि ती सूंऽऽ? ती तर त्यांना चोवीस तास ऐकू यायची. खोलीत, अंगणात, उशीवर डोकं टेकल्यावरसुद्धा. कान गेले की कधी कधी असा आवाज मागं उरतो. काप गेले नि भोकं राहिली, त्यातला प्रकार. हा आवाज पाइपातला नाही, आपल्या डोक्यातला आहे, हे त्यांच्या मनात कधी आलं नसेल का? आलं असेल. पण मनातल्या सगळ्याच गोष्टींना आपण थोडंच बसायला पाट देतो?

कारखान्यात अंकिता होती. वडनेरच्या अण्णाजी झाड्यांची मुलगी, बी.एस्सी. झालेली, शिश्या भरायच्या मशीनवर तपासनीस. अण्णाजींनी तीन वर्षांपूर्वी तिला भैय्याजींच्या पुढं आणून उभं केलं होतं. "पोरगी तुमच्या पदरात टाकून राह्यलो, भैय्याजी. सांभाळजो." भैय्याजींनी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता. अंकिता रोज वडनेरहून एसटीनं यायची, आणि त्यांना काका म्हणायची.

झालं ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

दसऱ्याला आपल्याकडं यंत्रांची पूजा होते. औषधाच्या कारखान्यात आत हळदीकुंकवाचा कण चालत नाही, पण गॅसची खोली बाहेर, कंपाउंडच्या कोपऱ्यात, जनरेटरला लागून. म्हणून साऱ्या कारखान्याची पूजा तिथंच व्हायची. सिलेंडरांना कुंकू, चावीला अक्षता, आणि दाबाच्या मीटरला झेंडूचा हार. भैय्याजींचा नेम असा की, घातलेला हार आपल्या हातानं काढायचा नाही. तो सुकून आपोआप उतरला की मगच विहिरीत सोडायचा. त्या वर्षी हार केला होता रुख्मिणीबाईंनी, घसघशीत, मनगटाएवढा जाड. मीटरचा चेहराच दिसेना! एरवी दसऱ्यानंतर दोन दिवस सुट्टी असायची, हार सुकायला वेळ मिळायचा. यंदा मोठी ऑर्डर होती म्हणून दुसऱ्याच दिवशी काम सुरू.

ऑर्डर होती ॲड्रेनॅलिनची. मधमाश्या डसून माणसाचा श्वास कोंडला, एखाद्या सुईची रिॲक्शन येऊन नाडी हाताला लागेना, की डॉक्टर हीच शिशी फोडतो. दोन-चार मिनिटांचा मामला असतो. आणि हे औषध हवेच्या बाबतीत महा नाजूक, हवा लागली की महिन्यांत गुलाबी होतं आणि त्याचा जोर उतरतो.

नऊ वाजता भैय्याजींनी रजिस्टर उघडलं. मीटरवर झेंडू. हार बाजूला करायला एक बोट पुरलं असतं. पण देवाच्या फुलाला कशाला हात लावायचा, आणि कान कशासाठी आहे? डोळे मिटले, सूंऽऽ ऐकली, नेहमीचा आकडा लिहिला. दहाला तोच. अकराला तोच. दुपारी दोनला लाइट गेली आणि चारपर्यंत कंपाउंडभर जनरेटरचा धडधडाट चालला. बझरच्या खाली स्टुलावर बसून त्यांनी डबा उघडला. आदल्या दिवशीची पुरणपोळी होती, तूप थिजलं होतं.

तीनच्या फेरीला ते भराईच्या खोलीच्या काचेपाशी गेले. आत अंकिता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडावर मास्क, दिसत होते ते फक्त डोळे. ती काचेजवळ आली, बोलायच्या जाळीशी वाकून काहीतरी म्हणाली. मास्कमागच्या ओठांचं काय वाचणार? भैय्याजींनी हसून मान हलवली. ती अजून काही बोलली. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि वळले, निघता निघता हात वर करून 'चालू दे' म्हणाले. पोरगी काळजीखोर आहे, असं त्यांना वाटलं. कौतुकच वाटलं.

चारला सवयीनं त्यांनी डाव्या रांगेच्या सिलेंडरावर टिचकी मारली तर रिकामं. आज लवकर संपलं वाटते, असं म्हणत चावी फिरवली, उजवी रांग चालू केली. रजिस्टरात बदलल्याची वेळ लिहिली पाच, कारण रोज पाचलाच बदलायचं असे.

माणसाच्या हातून चूक होते ती अशी. आभाळ कोसळत नाही, डबा खाऊन होतो, संध्याकाळी घरी जाऊन चहा पिऊन होतो.

माघ महिन्यात रक्षा मॅडमनी ठेवणीतल्या, म्हणजे त्या मालातून तासातासाला बाजूला राखलेल्या शिश्या तपासायला काढल्या. रक्षा मॅडम म्हणजे गुणवत्ता खात्याच्या मुख्य. नागपूरच्या, बारीक चणीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या बाई. शिश्या तपकिरी काचेच्या, बाहेरून काही समजत नाही. त्यांनी फोडून पांढऱ्या ताटलीत ओतल्या. सकाळच्या शिश्या पाण्यासारख्या. संध्याकाळच्याही. मधल्या, दोन ते चारमधल्या, गुलाबी.

कारखान्यात सुतकच आलं. माल परत बोलावला. खोकी येत राहिली, महिनाभर मोजणी चालली, आणि शेवटी सहाशेवर शिश्या आल्याच नाहीत. त्या लागल्या होत्या. कुठल्या दवाखान्यात, कुणाच्या दंडात, त्याचं काय झालं, डॉक्टरनं दुसरी शिशी फोडली का, दुसरी होती का, देव जाणे! भैय्याजींनी हे ऐकलं, म्हणजे मॅडमच्या ओठांवर वाचलं, आणि त्यांना दरदरून घाम फुटला. तरी अजून त्यांना वाटत होतं की आपला काही संबंध नाही. बझर वाजला नाही, म्हणजे गॅस संपला नाही. हिशेब सरळ आहे.

चौकशीला मॅडम गॅसच्या खोलीत आल्या. सोबत दुरुस्तीवाला निकेश, अंकिता आणि भैय्याजी.

"भैय्याजी, त्या दिवशी बझर वाजला होता?"

"नाई, मॅडम. मी बझरच्या खालीच बसलो होतो. डबा खाऊन राह्यलो होतो."

"मग बझर बिघडला असेल. निकेश, दाबून बघ."

निकेश स्टुलावर चढला. त्याच्या पाठीआड बटण दिसत नव्हतं. भैय्याजी वाट बघत उभे राहिले. आता दाबेल, मग दाबेल. एवढा वेळ का लावतोय हा पोट्टा? त्यांनी सहज बाजूला बघितलं. मॅडमनी कपाळाला आठ्या घालून कानांवर तळवे दाबले होते. अंकितानं दोन्ही कानांत बोटं घातली होती. तिचे डोळे मिटलेले होते.

बझर वाजत होता.

भैय्याजींना ऐकू येत होती फक्त ती सूंऽऽ. नेहमीची. शांत. आणि त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. झेंडूचा हार, थिजलेलं तूप, रिकामं सिलेंडर, दोन ते चार. आणि पुढं त्यांनी जे केलं ते मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, पण सांगतो. त्यांनीही दोन बोटं उचलली आणि स्वतःच्या कानांत घातली. तोंड वाकडं करून म्हणाले, "बाप्पा रे! बंद कर रे, कान फाटून राह्यले!"

अंकितानं डोळे उघडले होते. ती त्यांच्याकडं बघत होती.

निकाल सोपा झाला. बझर ठीक, म्हणजे दाब उतरला असता तर तो वाजला असता, आणि वाजला असता तर भैय्याजींनी ऐकला असता. भैय्याजींच्या कानावर कोण शंका घेणार? रजिस्टरात तासातासाचे आकडे सरळ रांगेत उभे. म्हणजे गॅस मशीनपर्यंत येत होता. म्हणजे खोट मशीनपाशी. तिथं काचेच्या नळीत एक गोळी असते, गॅस वाहत असला की ती वर तरंगते. अंकितानं गोळी वर असल्याची सही केली होती. ती गोळी कधी कधी वरच अडकून बसायची, सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडमनी विचारलं, "तू फक्त बघून सही केलीस? कुणाला विचारलं नाहीस?"

अंकिता खाली बघत म्हणाली, "गोळी वर होती, मॅडम. मी सही केली."

तिला घरी बसवलं. पंधरा दिवसांत कायमचं काढून टाकल्याचं पत्र निघणार होतं. आणि औषधाच्या कारखान्यातून खोट्या सहीचा शिक्का घेऊन निघालेल्या पोरीला दुसरा कारखाना दारात उभा करत नाही. तिची बी.एस्सी. चुलीत गेली म्हणून समजा.

त्या संध्याकाळी ती गेटमधून निघाली तेव्हा भैय्याजी सायकल काढत होते. तिनं नेहमीसारखं "येते काका" म्हटलं. एवढे ओठ त्यांना बरोबर वाचता आले. त्यांनी मान हलवली.

खाई त्याला खवखवे. भैय्याजींना घास उतरेना. रुख्मिणीबाईंनी वायगावच्या हळदीचं दूध दिलं, तेही तसंच. आरशासमोर दाढी करताना त्यांना स्वतःचं तोंड बघवेना, नजर साबणाच्या फेसावर ठेवून वस्तरा फिरवायचे. लाज म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांना आजवर वाटत होतं. चारचौघांत धोतर सुटणं, ही लाज. कानाला मशीन लावणं, ही लाज. आता कळलं की ती सगळी नकली होती. खरी लाज एकट्याला लागते आणि ती झाकायला बोटंही पुरत नाहीत. त्यांना सारखी ती आपली दोन बोटं आठवायची. काय गरज होती? गप्प राहिलो असतो तरी एक वेळ पाप अर्धं झालं असतं. वरून "कान फाटून राह्यले" म्हणालो! नाटक्या! त्यांनी त्या बोटांकडं असं बघितलं, जणू ती दुसऱ्या कुणाची असावीत.

कारखान्यात लोक उलट त्यांनाच दिलासा देत. "तुमच्यावर नाई आलं, भैय्याजी, नशीब. तुमचा कान म्हणजे काय!" प्रत्येक शब्द चाबकासारखा लागायचा, आणि तो शब्दही धड ऐकू न येता लागायचा.

आठव्या दिवशी रुख्मिणीबाईंनी खांद्याला हात लावला आणि समोर येऊन बसल्या. चेहरा चेहऱ्यासमोर, म्हणजे ओठ दिसावेत.

"काय झालं ते सांगता का आता? का मीच सांगू?"

"तुले काय ठाऊक?"

"मले बहिरा नवरा ठाऊक हाये. आन पोरीले काढलं ते ठाऊक हाये. दोन न् दोन चार मलेबी येतात."

भैय्याजी म्हणाले, "तो हार तू केला होता."

"हो का! आता हाराले फाशी द्या!" रुख्मिणीबाई कडाडल्या. ते मात्र त्यांना स्वच्छ ऐकू आलं. "फुलं माही होती. पण हार बाजूला करून बघाले बोट कोणाचं होतं? अण्णाजीनं पोरगी कोणाच्या पदरात टाकली होती?"

दुसऱ्या दिवशी भैय्याजी रक्षा मॅडमच्या टेबलापुढं जाऊन उभे राहिले. रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी विरली. म्हणाले, "मॅडम, एक वेळ गॅसच्या खोलीत चला. निकेशले घ्या."

खोलीत त्यांनी निकेशला स्टुलावर चढवलं आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, शाळेत मास्तरनं उभं केल्यासारखे. "तुले वाटन तेव्हा दाब. मी पाहून नाई राह्यलो. मले ऐकू आलं की मी हात वर करतो."

"भैय्याजी, हे काय चाललंय?" मॅडम म्हणाल्या. ते त्यांना ऐकू गेलं नाही.

भिंतीचा चुना निघाला होता, त्यातून विटेचा कोपरा दिसत होता. भैय्याजी त्या कोपऱ्याकडं बघत सगळा जीव कानात आणून उभे राहिले. सूंऽऽ. सूंऽऽ. त्यात काही बदल झाला का? झाला. नक्की झाला. त्यांनी हात वर केला.

निकेशनं अजून बटणाला बोटही लावलं नव्हतं. तो गोंधळून मॅडमकडं बघायला लागला. मॅडमनी मान हलवून खूण केली. मग त्यानं दाबलं. बझर कोकलला, खोली दणाणली, कंपाउंडमधला वॉचमन धावत आला. भैय्याजींचा वर गेलेला हात काहीच घडलं नाही असं समजून हळूहळू खाली आला. ते भिंतीकडं बघत तसेच उभे. वाट बघत.

मॅडमनी जवळ जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. ते वळले. निकेशचं बोट अजून बटणावरच होतं आणि त्याचे डोळे भरले होते.

"वाजला?" भैय्याजींनी विचारलं.

"वाजतोय," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. हार, न बघता लिहिलेले आकडे, चारला बदललेली आणि पाच म्हणून लिहिलेली रांग, कानात घातलेली बोटं. मॅडमनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, त्यानं आणखी वाईट वाटलं. एवढंच म्हणाल्या, "हे सगळं मला लिहावं लागेल. आणि तुम्हाला इथं ठेवता येणार नाही." भैय्याजींनी खोलीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. शाल-नारळ घेतानाचा त्यांचा फोटो भिंतीवर होता, तोही काढून द्या म्हणाले.

अंकिताला परत बोलावणं गेलं. पण त्याआधी भैय्याजी स्वतः वडनेरला गेले. जायलाच हवं होतं. एसटीत खिडकीशी जागा होती तरी उभेच राहिले.

अण्णाजी शेतात गेले होते. अंगणात अंकिता एकटीच तूर पाखडत होती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. भैय्याजींनी पाणी तोंडाला लावलं नाही. मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं, कुठंही स्वतःला वाचवलं नाही, आणि शेवटी म्हणाले, "पोरी, मी तुह्या बापाले शब्द देला होता. आन तुलेच बुडवून राह्यलो होतो. माफी मागाचंबी तोंड नाई मले."

अंकिता सुपाकडं बघत काहीतरी बोलली. हळू. भैय्याजींची मान सवयीनं हलायला लागली. अर्ध्यावर त्यांनी ती थांबवली. पाच वर्षांत जे कधी कुणाला म्हणाले नव्हते ते वाक्य म्हणाले.

"मले ऐकू नाई आलं. पुन्हा सांग."

अंकितानं सूप खाली ठेवलं. उठून त्यांच्या समोर, अगदी समोर, उकिडवी बसली. ओठ दिसतील अशी. एकेक शब्द सुटा करून बोलली.

"त्या दिवशी मी तुमाले काचेतून तीनदा विचारलं, काका. पयलांदा म्हटलं, गोळी वर हाये, पण थरथरून नाई राह्यली, गॅस येते ना? तुमी मान हलवली. मंग म्हटलं, नक्की ना? तुमी मान हलवली. तुमी जाले निघाले तेव्हा मी जोरात ओरडून विचारलं, काका, तुमाले ऐकू येते ना? तुमी हात वर केला."

भैय्याजी म्हणाले, "तुले तेव्हाच समजलं होतं?"

"तेव्हा नाई. बझर वाजला तेव्हा समजलं. तुमी बोटं उशिरा घातले."

"मंग तिथंच काऊन नाई सांगतलं, माय? मॅडमनं विचारलं होतं ना तुले, कोणाले विचारलं का म्हणून?"

अंकितानं तुरीचे चार दाणे उचलले, सुपात टाकले, आणि मग त्यांच्याकडं बघून, अगदी सावकाश, एकही शब्द चुकू नये म्हणून सावकाश म्हणाली,

"तुमी सांगसान म्हणून थांबली होती."